उन्हाची वजावट

धावणाऱ्यांच्या क्लबात सगळ्यात जास्त काय चालतं, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘तोंड’ असं आहे. आमचा क्लब ठाण्याचा. अधल्यामधल्या दिवशी पहाटे उपवन तलावापाशी जमायचं, रविवारी येऊरचा चढ चढून उतरायचा आणि घामेजलेल्या टी-शर्टांनिशी मामलेदारची मिसळ गाठायची. धावणं तासा-दोन तासांचं, त्याविषयीचं बोलणं उरलेल्या आठवड्याचं. पेस, केडन्स, टेपर, कार्ब लोडिंग हे शब्द आमच्या घरांत इतके रुळले आहेत की आमच्यातल्या आयटीवाल्याची आजी दुसऱ्यांदा भात वाढताना ‘लोडिंग करून घे रे बाबा’ म्हणते.

बोलण्यावर उभ्या असलेल्या संस्थेला एकच भीती असते, ती परीक्षेची. आमची परीक्षा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी. २००४ पासून मुंबई मॅरेथॉन होते आहे. छातीवरच्या बिबला चिप लावलेली असते आणि ती कुणाचीही भीड ठेवत नाही. कुठल्या टप्प्यावर किती वाजता पोचलात, कुठे रेंगाळलात, शेवटच्या पाच किलोमीटरना किती वेळ लावलात, हे सेकंदासकट जाहीर होतं. बिबचा नंबर ठाऊक असला की ऑफिसातल्या साहेबापासून सासऱ्यांपर्यंत कुणीही ते बघू शकतो. वर्षभर एकमेकांना सल्ले देणाऱ्या माणसांची अशी उघड्यावर मोजणी झाली, तर मैत्री फुटायला कितीसा वेळ लागणार? पण आमच्यात आजवर एकही भांडण झालेलं नाही. त्याचं सगळं श्रेय मी उन्हाला देतो.

‘किती लागला टाइम?’ या प्रश्नाचं उत्तर आमच्यात आकड्याने सुरूच होत नाही. ‘अरे, ऊन काय होतं!’ ही प्रस्तावना. मग दोन घोट पाणी. मग आकडा, तोही जरा खालच्या पट्टीत. ऐकणाऱ्याने ‘हो रे, यंदा फारच’ म्हणायचं, कारण पुढचा आकडा त्याचा असतो. हे ‘यंदा फारच’ दर वर्षीचं आहे. एखाद्या वर्षी खरोखरच गारवा पडला तर ऊन बाजूला ठेवून आम्ही ‘ह्युमिडिटी’ काढतो. मुंबईत ह्युमिडिटी नव्हती, असं सिद्ध करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

ही सबब काही आम्ही शोधलेली नाही. तिला ऑलिंपिकची परंपरा आहे. १९०४ साली सेंट लुइसच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन सोडली ती ऑगस्टच्या अखेरीस, दुपारी तीनच्या सुमारास. पारा बत्तीस अंशांच्या आसपास, रस्ता कच्चा, बरोबरच्या मोटारींनी उडवलेली धूळ नाकातोंडात, आणि पाण्याची सोय जवळजवळ नाहीच. कारण पाण्यावाचून शरीराचं काय होतं, हे संयोजकांपैकी एका गृहस्थांना पाहायचं होतं. ३२ जण सुटले, १४ पोचले. फ्रेड लॉर्झ नावाच्या गड्याला वाटेत पेटके आले. तो मोटारीत बसला, धावणाऱ्यांना हात हलवत अकरा मैल आला, मोटार बंद पडल्यावर उतरून धावत स्टेडियमात शिरला आणि पहिला आल्याच्या टाळ्यासुद्धा घेऊन मोकळा झाला. खरा विजेता टॉमस हिक्स. त्याला त्याच्या माणसांनी वाटेत अंड्याचा पांढरा भाग, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन, म्हणजे चक्क कुचल्याचं विष पाजलं होतं. फेलिक्स कार्वाहाल हा क्यूबाचा पोस्टमन. त्याने रस्त्यालगतच्या झाडाची सफरचंदं खाल्ली, पोटात कळा आल्या, आडवा झाला, पुन्हा उठला आणि तरीही चौथा आला.

आमच्या क्लबातल्या सीएला ही गोष्ट तोंडपाठ आहे. मोटारीचा भाग तो विशेष आत्मीयतेने सांगतो.

त्यावर पाणी ओतायचं काम बेळगावच्या काकांकडे. काका निवृत्त झाल्यावर धावायला लागले आणि आमच्यात वयाने सगळ्यात मोठे आहेत. सेंट लुइसचं पुराण संपलं की ते घसा खाकरतात. “आमचा फडेप्पा चौगुले,” इथून सुरुवात. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटा चकित झाले, त्यातून ऑलिंपिकला संघ पाठवायची गोष्ट निघाली आणि १९२० साली बेळगावचा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावला. दोन तास पन्नास मिनिटं, एकोणिसावा नंबर. “आणि बाळांनो,” काका आवाज चढवतात, “तिथलं अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर होतं. तुमच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त!” एवढ्यावर कुणीही गप्प बसावं. सीए बसत नाही.

“ते खरं, काका. पण अँटवर्पला आपल्यासारखं ऊन कुठलं?”

शर्यतीच्या पहाटे मध्य रेल्वे खास लोकल सोडते. मुंबईकडे जाणारी लोकल आणि बसायला जागा, हा योग आम्हा ठाणेकरांच्या पत्रिकेत एरवी नाही. म्हणून काही जण सवयीने दारातच उभे राहतात. डब्यात केळी सोलली जातात, उकडलेले बटाटे मिठाला लावून खाल्ले जातात, सेफ्टी पिना उसन्या घेतल्या जातात. व्हॅसलीनची डबी हातोहात फिरते. ती कुठे कुठे लावायची याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. ज्याने पहिल्या वर्षी लावली नव्हती त्याला दुसऱ्या वर्षी सांगावं लागत नाही. सीएसएमटीला उतरल्यावर शौचालयाची रांग. अर्धी मॅरेथॉन खरं तर तिथेच होते, फक्त तिचं मेडल देत नाहीत.

आमच्यासारख्या हौशी लोकांना पाचच्या सुमारास सोडतात. अंधार असतो, वारा बरा असतो आणि मरीन ड्राइव्हवर कोच सरांचा एकही शब्द कुणाला आठवत नाही. ‘पहिले दहा किलोमीटर लाजत धावा,’ असं सरांनी चार महिने सांगितलेलं असतं. लाजतं कोण? सगळे सुसाट. त्यातल्या त्यात शहाणे लोक ‘बस’ पकडतात. ठरावीक वेळेत नेऊन पोचवणाऱ्या पेसरला आणि त्याच्यामागच्या घोळक्याला आमच्यात बस म्हणतात. त्याच्या हातात किंवा पाठीवर वेळ लिहिलेला झेंडा असतो. आम्ही साडेचार तासांच्या बसमध्ये चढलो. ड्रायव्हर उत्साही होता. मोरया झालं, शिवरायांचा जयजयकार झाला, पाढेसुद्धा म्हणून झाले. मात्र अशा बसमधून उतरताना कुणी घंटी मारत नाही. हाजीअलीपर्यंत खांद्याला खांदा लावून असलेला माणूस वरळीला वळून बघावं तर नसतो.

सी-लिंकवर एरवी पायी जायला बंदी. त्यामुळे पाय लावायची संधी मिळाली की माणसं ते पाय थांबवून फोटो काढतात. सीएने इथे चार मिनिटं घालवली. ही चार मिनिटं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

मुंबईत जानेवारीतला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. पाचला सुटलेला आमच्यासारखा मनुष्य तोवर निम्म्या अंतरावर आलेला असतो. म्हणजे अंधारात केलेला सगळा माज उजेडात फेडायचा, अशी ही व्यवस्था आहे. माहीमला उन्हाची पहिली तिरीप आली आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी व्याख्यान सुरू केलं. त्यांना धावताना धाप लागत नाही, ही त्यांची एकच वाईट सवय.

“शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ना, त्यातली जेमतेम पाव धावण्याला लागते. बाकी सगळी उष्णता.”

“म्हणजे मूळचे आपण हीटरच,” मी म्हणालो, “धावणं जोडधंदा.”

“तसंच म्हणा. ती उष्णता घालवायला घाम. पण घाम वाळला तरच गारवा मिळतो, आणि इथली हवा आधीच ओली. घाम वाळत नाही, नुसता गळतो. त्यात रक्त स्नायूंनाही हवं आणि कातडीलाही हवं. हृदयाला एकाच वेळी दोन साहेब.”

“मग मॅडम, बरं हवामान कोणतं?”

“दहा-बारा अंश.”

मुंबईत दहा-बारा अंश फ्रीजमध्ये मिळतात. आयटीवाल्याने त्याच्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि हृदयाचे ठोके एकशे अठ्ठ्याहत्तर आहेत असं मोठ्याने जाहीर केलं. भीतीने ते आणखी वाढले, तेही जाहीर केलं.

शिवाजी पार्काच्या आजूबाजूला झाडं आहेत. तिथे शर्यतीची दिशाच बदलते. सगळी गर्दी आधी डाव्या कडेच्या सावलीत, मग रस्ता ओलांडून उजव्या कडेच्या, मग एका बसस्टॉपच्या छपराखाली कारण नसताना. घड्याळवाला पुढे वर्षभर सांगत बसतो की आपण बेचाळीस नव्हे, त्रेचाळीस धावलो. खरंच धावला असेल. सरळ रेषेत धावायचं असतं, हे तेवढं त्याच्या घड्याळाने त्याला सांगितलं नाही.

या भागातले बघे मला फार आवडतात. ढोल-ताशा असतो, लेझीम असते, पाणी देऊन टाळी मागणारी चिमुरडी पोरं असतात. आणि ‘चला, चला, थोडंच राहिलंय’ म्हणणाऱ्या मावशी असतात. पंचविसाव्या किलोमीटरला हे ऐकून जो हसू शकतो तोच पुढे पोचतो. त्या मावशींची चूक नाही. आपल्याकडे डोंगर चढणाऱ्यालाही हेच सांगतात आणि बाळंतिणीलाही. तिसरा रविवार म्हणजे संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. कठड्याशी उभ्या असलेल्या एका आजींनी डबा उघडून आग्रहाने तिळगुळाचे लाडू हातावर ठेवले. तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली, आणि त्यात चिक्कीच्या गुळाचा लाडू! दात दाताला जे बसले ते वरळी येईतो सुटेनात. आजी मागून म्हणत होत्या, “गोड बोला!” आमच्या क्लबाच्या इतिहासातला हा सलग शांततेचा पहिला टप्पा. डॉक्टरीणबाईंचं सोडियमवरचं व्याख्यान ऐन रंगात आलं होतं, ते त्या लाडवाने वाचवलं. आम्हाला वाचवलं म्हणायचं होतं.

पाण्याच्या टेबलांपाशी माणसाचा खरा स्वभाव कळतो. काही जण अर्धी बाटली पिऊन उरलेली डोक्यावर ओततात. काही आधी ओततात, मग पिण्यापुरतं उरत नाही म्हणून मागे वळतात. इलेक्ट्रॉलचं पाणी साधं समजून ज्याने डोक्यावर घेतलं, त्याची पुढचे दहा किलोमीटर माश्या काळजी घेतात. थंड पाण्यात बुडवलेला स्पंज मिळाला की तो टाकवत नाही. हाताशी, मानेशी, टोपीखाली, असा तो फिरत राहतो आणि पार गरम झाला तरी माया सुटत नाही. दुखण्यावरचा स्प्रे मारणारे स्वयंसेवक तर संतच. समोर येईल ती पोटरी ते कृपादृष्टीने फवारतात. सीएने मांडी दाखवली, गुडघा दाखवला, मग वळून कंबर दाखवली. तो पोरगा शेवटी म्हणाला, “अंकल, पूर्ण मारू का?”

आणि मग पेडर रोड. सुटताना आपण हा रस्ता काळोखात ओलांडलेला असतो, तेव्हा हा चढ आहे हे लक्षातही येत नाही. परतीला तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पुन्हा भेटतो आणि ओळख देतो. या रस्त्यावर उड्डाणपूल बांधायचा घाट बरीच वर्षं घातला गेला होता, रहिवाशांनी विरोध केला, लता मंगेशकरांनीही केला, आणि पूल झाला नाही. ‘झाला असता तर हा चढ वाचला असता,’ असं आयटीवाला कळवळून म्हणाला. पूल झाला असता तर तोही चढावाच लागला असता, हे समजण्याच्या पलीकडे तो गेला होता. डाव्या-उजव्या इमारतींतून लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, बर्फ घेऊन उतरलेले. वाटेत जसलोक रुग्णालय लागतं. त्याच्या दाराकडे मी इतक्या प्रेमाने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

कोच सर याच चढावर उभे राहतात. स्वतः धावत नाहीत. म्हणतात, मी धावलो तर तुम्हाला बघणार कोण? चालणारा दिसला की त्यांचा आवाज बाबुलनाथपर्यंत जातो. त्यावर आमच्या लोकांनी उपाय काढला आहे : सर दिसेपर्यंत चालायचं, सर दिसले की धावायचं, सर मागे पडले की पुन्हा चालायचं. याला सीए ‘रन-वॉक स्ट्रॅटेजी’ म्हणतो.

नेमके याच चढावर मागून मोटारसायकली आल्या, घड्याळ लावलेली गाडी आली आणि तिच्यामागे इथिओपियाची मंडळी. ती आमच्यानंतर दोन तासांहून अधिक वेळाने निघालेली. त्यांच्या पावलांचा आवाजही होत नाही. २०२३ मध्ये त्यांच्यातल्या हायले लेमीने इथेच २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद अशी वेळ दिली होती. चढ त्यांनाही तोच, हवाही तीच. आमच्या साऱ्या सबबींच्या मुळावर येणारी ही गोष्ट होती आणि काही क्षण क्लबात अस्वस्थता पसरली.

“त्यांना उन्हाची सवय असते,” सीए म्हणाला.

“कसली सवय?” काका मागून आले. काका आम्हाला नेहमी मागूनच येऊन गाठतात. “अदिस अबाबा दोन हजार मीटरच्या वर आहे. महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच. थंडगार!”

सीए पन्नासेक पावलं गप्प चालला. मग त्याचा चेहरा उजळला. “काका, ते सव्वासातनंतर सुटले, साडेनऊच्या आत पोचणार. म्हणजे उन्हात दोन तास. आपण सव्वासातपासून उन्हात आहोत आणि दहापर्यंत असणार. हळू धावणाऱ्याला ऊन जास्त मिळतं! स्पर्धा समान कुठे आहे?”

याला उत्तर नाही. काका मान हलवत पुढे निघून गेले, म्हणजे अक्षरशः पुढे निघून गेले, आणि आम्हाला परत दिसले ते शर्यत संपल्यावरच.

चौपाटीनंतर परत मरीन ड्राइव्ह. सपाट, लांबलचक आणि समुद्रावरून डोळ्यांत घुसणारा उजेड. आयटीवाल्याच्या घड्याळाची बॅटरी संपली होती. आता आपलं काय होतंय हे त्यालाच कळेना. डॉक्टरीणबाई केव्हाच दिसेनाशा झालेल्या. उरलो मी आणि सीए.

“तू हो पुढे,” तो म्हणाला.

“छे, तुझ्यासाठी थांबलोय ना.”

“माझ्यासाठी? मी तुझ्यासाठी थांबलोय.”

“बरं, मग जा.”

“तू जा.”

कुणीच गेलं नाही. जाता येत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. असे आम्ही एकमेकांवर उपकार करत चर्चगेटवरून वळलो आणि एकाच सेकंदाला रेषा ओलांडली. चार तास एक्कावन्न मिनिटं.

परतीच्या लोकलमध्ये आमचा सगळा क्लब गळ्यात मेडल घालून बसला. समोरच्या गृहस्थांनी भायखळ्यापर्यंत निरीक्षण केलं. दादरला त्यांना राहवलं नाही. “सगळ्यांचाच पहिला नंबर आला का हो?”

“नाही, हे पूर्ण केल्याचं.”

“काय पूर्ण केल्याचं?”

“सीएसएमटीहून निघालो, माहीमपर्यंत गेलो, परत सीएसएमटीला आलो.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मुंबईत हे तर लाखो लोक रोज करतात, असा त्यांचा चेहरा होता.

ठाण्याला मिसळीच्या टेबलाशी पाय न वाकवता बसण्याचे नाना प्रकार झाले. पहिली प्लेट संपल्यावर सीएने कागदी नॅपकिन पुढे ओढला आणि वेटरकडून पेन घेतलं.

“ग्रॉस टाइम, चार एक्कावन्न. आता वजावटी. ऊन, बावीस मिनिटं.”

“बावीस कशावरून?” आयटीवाला.

“स्टँडर्ड डिडक्शन. पुरावा लागत नाही. पेडर रोड, नऊ. शौचालयाची दुसरी रांग, सहा. सावलीसाठी इकडून तिकडे, पाच. सी-लिंकवरचे फोटो, चार.”

“फोटो ही चैन झाली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“वारसा जतन,” सीए म्हणाला. “आणि मित्रासाठी मरीन ड्राइव्हवर थांबलो, त्याची सहा. एकूण बावन्न. नेट टाइम, तीन तास एकोणसाठ.” त्याने खाली दोन रेघा मारल्या. सीए चार तासांच्या आत आला होता. टेबलावर टाळ्या पडल्या.

“एक मिनिट,” मी म्हणालो. “मरीन ड्राइव्हवरची सहा मिनिटं माझी आहेत. थांबलो मी होतो.”

“एकाच खर्चाची वजावट दोघांना घेता येत नाही.”

“मग तुझी काढ.”

सीएने नॅपकिनकडे पाहिलं. ती सहा काढली तर चार तास पाच मिनिटं होत होती. त्याने पेन खाली ठेवलं, तर्रीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि काकांना विचारलं, “काका, तुमचं रिटर्न भरायचं?”

“माझ्यात वजावट नाही,” काका पावाचा तुकडा मोडत म्हणाले. “चार तास बावीस.”

“ऊन नाही लागलं?”

“लागलं की. पण मी लवकर आलो ना!”